पार्टिशन उडवलं म्हणून ग्रब जात नाही

विंडोजशेजारी टाकलेलं लिनक्स काढायला ‘डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा त्याला दिलेला भाग) डिलीट करा, ग्रब आपोआप जातो’ असं वर दोघांनी लिहिलंय. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा प्रोग्राम. नाही हो. जुन्या बायॉसच्या (मशीन चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) मशीनवर ग्रबचा पहिला तुकडा एमबीआरमध्ये, म्हणजे डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत बसलेला असतो. पार्टिशन गेलं की त्याला पुढचं काही सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन बसतं. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या मशीनवर ईएफआय पार्टिशनमधलं (बूटच्या फायली असतात त्यातलं) ‘उबुंटू’ फोल्डर आणि मदरबोर्डच्या मेमरीतली बूटची नोंद, दोन्ही मागे राहतात, दोन्ही काढा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, बूटमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं. मला ही अक्कल आली कॉन्ट्रॅक्टिंग सोडलं तेव्हा. कामाचा जुना लॅपटॉप साफ करून लेकीला द्यायचा होता, रात्री साडेअकराला अडकलो. ती म्हणे, ‘बाबा, राहू दे, सराफा उघडा असेल.’ इंदूरच्या त्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खाऊन आलो, मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट दुरुस्त करणारं ‘बूटरेक’ चालवलं तेव्हा सुटलं.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, कॉन्ट्रॅक्टपेक्षा ‘पर्मनंटमध्ये हातात कमी येतं’. येतं, माझंही येतं. पण सुपर कॉरिडॉरच्या (इंदूरच्या आयटी पट्ट्यातल्या) पर्मनंट नोकरीत दुसऱ्याच महिन्यात डेंग्यू झाला, नऊ दिवस पडून होतो, आणि पगार पूर्ण आला. मी स्लिप दोनदा उघडून पाहिली. कॉन्ट्रॅक्टवर त्या नऊ दिवसांचं बिलच लागलं नसतं. तुमच्या हिशेबात हे दिवस, आणि बेसिकच्या 12 टक्के कंपनीचा पीएफ, धरलेला दिसत नाही.