गागारिन यांचे यान आधी कोणासाठी : माणसासाठी की कॅमेऱ्यासाठी?

(चर्चामंचावरील एक धागा; ‘कक्षाभ्रमण’, ‘तळटीप’ आणि ‘उत्तररात्र’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे.)

कक्षाभ्रमण

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांना १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा घडवून आणणाऱ्या वोस्तोक यानावर मराठीत जे लिहिले जाते, त्यात विज्ञान आणि साहस यांचे कौतुक भरपूर असते; त्याच यानाच्या कवचातून झेनित हा टेहळणी उपग्रह घडला, हे मात्र झालेच तर जाता जाता सांगितले जाते. माझ्या मते ते पहिल्या परिच्छेदात यायला हवे. २२ मे १९५९ च्या सोव्हिएत सरकारच्या गुप्त हुकमात टेहळणी उपग्रह हे संरक्षणाचे तातडीचे काम होते, आणि माणसाच्या उड्डाणाचे शब्द त्याला पुस्तीसारखे जोडले होते. शास्त्रज्ञ केल्दिश आणि संरक्षण-उद्योगातले अधिकारी रुदनेव यांनी खटपट केली म्हणूनच ती पुस्ती जोडली गेली, असे सोव्हिएत यानांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव यांचे सहकारी बोरिस चेर्तोक यांनी लिहून ठेवले आहे.

दोन्ही यानांचे परतीचे गोल कवच सुमारे २.३ मीटर व्यासाचे. वोस्तोकमध्ये जिथे आसन होते तिथे झेनितमध्ये कॅमेरे बसवले गेले, आणि कवचातला हवेचा दाब तसाच राहिल्यामुळे कॅमेऱ्यांना निर्वात पोकळीत काम करावे लागले नाही. अमेरिकेचा कोरोना उपग्रह केवळ फिल्मची कुपी खाली टाकत असे. झेनित फिल्मसह कॅमेरेही परत आणत असे. रॉकेट लष्करी, उड्डाणतळ लष्करी. अशा गाडीत माणूस हा जादा उतारू होता, असे म्हणायला काय हरकत आहे?

तळटीप

हरकत आहे. हुकूम मंजूर करून घेण्यासाठी काय लिहावे लागले आणि यंत्र कोणत्या हेतूने आखले गेले, या दोन गोष्टींची गल्लत होते आहे. कोरोल्योव यांच्या ओकेबी-१ या यान-रचना संस्थेत टेहळणी उपग्रहाचा स्वतंत्र आराखडा आधीपासून होता आणि तो तांत्रिक अडचणींत रखडला होता. दरम्यान, त्याच संस्थेतल्या तिखोनरावोव यांच्या विभागात फेओक्तिस्तोव प्रभृती अभियंत्यांनी मानवी यानासाठी गोलाची निवड केली. ही निवड माणसाला जिवंत खाली आणण्याच्या प्रश्नातून झाली होती : गोलाचे हवेतले वर्तन कोणत्याही वेगाला गणिताने आधी सांगता येते, आणि गुरुत्वमध्य एका बाजूला सरकवून ठेवला की जड बाजू पुढे करून तो सुकाणूवाचून आपोआप सावरतो. हेच यान कॅमेरेही नेईल, हा लष्कराला पटवण्याचा युक्तिवाद होता. तेव्हा पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे आपण उलटे सांगत आहात.

शिवाय साचा एक म्हणून यान एक ठरत नाही. वोस्तोकला परतीचे इंजिन पेटवण्यापूर्वी सूर्याच्या आधाराने नीट दिशा धरता आली की भागत असे. झेनितला मात्र दिवसचे दिवस कॅमेऱ्यांची तोंडे जमिनीकडे रोखून धरायची होती. त्यासाठी क्षितिज ओळखणारे अवरक्त संवेदक आणि गायरोस्कोप (यान वळले की ते ओळखणारी फिरती चाके) यांची वेगळीच यंत्रणा उभारावी लागली. घोडे अडले ते नेमके इथेच : २६ एप्रिल १९६२ ला कॉसमॉस-४ या नावाने सुटलेला झेनित तीन दिवसांनी सुखरूप उतरला खरा, पण दिशानियंत्रणातल्या बिघाडामुळे त्याची छायाचित्रे अपुरी राहिली. (जगाला तो अर्थातच वैज्ञानिक उपग्रह म्हणून सांगितला गेला.)

उत्तररात्र

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. तितोव यांचे वोस्तोक-२ ऑगस्ट १९६१ मध्ये उडाले. निकोलायेव आणि पोपोविच यांची जोडउड्डाणे थेट ऑगस्ट १९६२ मध्ये झाली. मधले वर्ष बव्हंशी झेनितने खाल्ले. १९६१ च्या अखेरीस गागारिन भारतात आले, मुंबईतही त्यांचे स्वागत झाले, आणि त्यानंतर काही दिवसांतच, ११ डिसेंबरला, पहिला झेनित कक्षेत पोहोचण्याआधीच नष्ट झाला. १ जून १९६२ ला आणखी एका झेनितच्या रॉकेटचा बाजूला जोडलेला एक टप्पा उड्डाण होताच निकामी होऊन तळाजवळ कोसळला, आणि गागारिन ज्या तळावरून गेले त्याच तळाच्या दुरुस्तीसाठी अंतराळवीरांना थांबावे लागले. तळ एकच असताना रांगेत पुढे कोण उभे होते, हे यावरून कळते.

तळटीप

रांगेत झेनित पुढे होता, हे मान्य. पण त्यावरून मानवी उड्डाण लष्करी ठरत असेल, तर लष्कराची उदासीनता कशी समजावून सांगणार? अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी असलेले हवाई दलाचे कामानिन आणखी वोस्तोक यानांसाठी हट्ट धरून होते, आणि संरक्षण मंत्रालयाला त्यात लष्करी उपयोग दिसत नव्हता. आपल्या कामाची वस्तू कोणी अशी नाकारत नाही.

कक्षाभ्रमण

उदासीनता माणसाबद्दल होती, यंत्राबद्दल नव्हे. माझे म्हणणे तेच आहे. १९६४ मध्ये तिघांना घेऊन गेलेल्या वोस्खोद या वोस्तोकनंतरच्या यानाचे रॉकेटही आधी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, झेनित-४ हा टेहळणी उपग्रह घेऊन उडाले होते.

आता स्फोटकाचे पाहू. यान परक्या भूमीत उतरण्याची चिन्हे दिसली तर ते उडवून देणारी यंत्रणा निर्मनुष्य चाचणीयानांत बसवलेली असे. १ डिसेंबर १९६० ला दोन कुत्र्यांना घेऊन गेलेले यान परतीच्या वाटेवर भरकटले आणि त्या यंत्रणेने ते कुत्र्यांसह उडवून दिले. त्याच महिन्यात दुसरे यान सैबेरियात पडले; साठ तासांवर लावलेले घड्याळ असूनही स्फोट झाला नाही, आणि कडाक्याच्या थंडीत शोधपथकाला कुत्री जिवंत सापडली. २२ फेब्रुवारी १९६५ ला, लिओनोव यांच्या अंतराळचालीची रंगीत तालीम करणाऱ्या कॉसमॉस-५७ ला दोन भूकेंद्रांनी एकाच वेळी आज्ञा पाठवल्या. यानाने त्यांचा मिळून ‘उतर’ असा अर्थ लावला, इंजिन भलत्याच दिशेने पेटले, आणि पुढचे काम स्फोटकाने केले. निव्वळ विज्ञानाच्या यानाला ही तरतूद कशाला लागते?

तळटीप

लागते, कारण गुप्ततेची ती सवय सरसकट होती. ज्या राज्याने आपले वोस्तोक रॉकेट १९६७ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत बाहेरच्या जगाला दाखवले नाही, ते कुत्र्यांचे यानही परक्यांच्या हाती लागू देणार नव्हतेच. कॉसमॉस-५७ चे उदाहरण तर आपल्या विरोधात जाते. त्या स्फोटात उतरण्याच्या टप्प्याची सगळी माहिती गेली, तरी अवघ्या २४ दिवसांनी, १८ मार्चला, बेल्यायेव आणि लिओनोव यांना पाठवले गेले. अमेरिकेच्या जेमिनी या मानवी यानाआधी अंतराळचाल करून दाखवायची होती, त्याची ती घाई; टेहळणीच्या कोणत्याही गरजेने ती तारीख ठरवलेली नव्हती.