कानश्टाट आधी वेगळं शहर होतं का?

प्रश्न: जर्मनीत स्टुटगार्टला येऊन तीन महिने झाले, बाड कानश्टाटला राहतो. शेजारच्या आजी ठणकावून सांगतात, आम्ही स्टुटगार्टचे नाही, कानश्टाटचे! असं का?

प्रतिसाद १: अहो, १९०५ पर्यंत स्वतंत्र शहरच होतं ते, मग स्टुटगार्टमध्ये विलीन झालं. रोमन छावणीपासूनचा इतिहास आहे, अभिमान असणारच ना. नावातलं 'बाड' (म्हणजे स्नानाचं ठिकाण) मात्र १९३३ चं, खनिज पाण्याच्या झऱ्यांमुळे.

प्रतिसाद २: इथल्या कुरपार्क नावाच्या बागेतलं, मोटारगाडीच्या जनकांपैकी एक असलेल्या डाइमलरचं वर्कशॉप बघाच, बागेतल्या काचघरात १८८५ ला इंजिनवाली दुचाकी बनवली आणि माळ्याला वाटलं खोटी नाणी पाडतायत, म्हणून पोलिसही आले म्हणे!

प्रतिसाद ३: आणि इथल्या वाझन मैदानावरची जत्रा? १८१६ च्या उपासमारीनंतर इथल्या तेव्हाच्या राजा विल्हेल्मने १८१८ ला सुरू केली, शेतकऱ्यांसाठी. आजींना त्याबद्दल विचारा, खूश होतील.