गंजावरच कोटिंग मारू नका
पावसाआधी गाडीला अंडरकोटिंग (खालच्या पत्र्यावर मारायचा संरक्षक थर) मारलं की गंजाचं टेन्शन संपलं का असं एकानं विचारलंय, तर बघा, गंजावरच काळं रबर कोटिंग मारलं तर आत ओल अडकते आणि पत्रा आतून खात जातो, वरून मात्र एकदम चकाचक. आपल्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटीच्या पावसात, चोर्ला घाटात लाल चिखल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत आणि लोअर आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) खाचेत घट्ट बसतो, तो आधी प्रेशरनं धुवा, गाडी नीट वाळू द्या, वायर ब्रशनं गंज घासून काढा, मग झिंक प्रायमर (गंज रोखणारा पहिला हात), मग कोटिंग. रबर बुश (सांध्यातली रबरं), शॉकअपचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) रॉड, ब्रेक डिस्क, सायलेन्सर यांच्यावर थेंबसुद्धा नको, टेप लावूनच घ्या! आणि दाराखालची पाणी जायची भोकं बुजवू देऊ नका, स्वतः वाकून बघा.