मेट्रोत लोक का बसत नाहीत: भाडे की पायपीट?

शहापूरकर: 'मेट्रो गार आणि स्वच्छ असूनही लोक दुचाकीच काढतात, कारण त्यांना सवय मोडायची नाही,' असे काल एका सभासदाने लिहिले. हे वाचून मला राहवले नाही. बंगळुरूत 9 फेब्रुवारी 2025 पासून कमाल भाडे 60 रुपयांवरून 90 वर गेले. माझ्या मुलाने पेट्रोलशी हिशेब घातला आणि त्याच आठवड्यात स्कूटर बाहेर काढली. याला सवय म्हणायचे का?

वडगावकर: भाड्याचे एवढे मनावर घेऊ नका. माझी बहीण पुण्यात कोथरूडला राहते. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग सुरू झाला, तेव्हा हौसेने एकदा बसून आली आणि पुढे दोन वर्षे फिरकली नाही, कारण तिचे काम स्वारगेटला होते. सप्टेंबर 2024 मध्ये गाडी स्वारगेटपर्यंत गेली, तेव्हापासून ती रोज जाते. माणसाला हव्या त्या ठिकाणी गाडी जात नसेल, तर तिकीट स्वस्त असून काय उपयोग?

टिळकवाडीची सून: तुम्ही दोघेही बायकांना विसरलात. 11 जून 2023 पासून आपल्या कर्नाटकात साध्या बसचा प्रवास आम्हाला मोफत आहे. बंगळुरूतली माझी भाची आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचे तिकीट घेते; ती मेट्रोला पैसे का मोजेल?

खानापूरवाला: त्याच मोफत योजनेमुळे आमच्या गाडीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही! तिकीट काढून मी बेळगावपर्यंत दारात लटकत येतो.

टिळकवाडीची सून: दादा, गर्दी होते ती गाड्या कमी आहेत म्हणून. त्याचा राग आमच्या तिकिटावर काढू नका. माझ्या शेजारची धुणीभांडी करणारी बाई पूर्वी रिक्षाचे पैसे वाचवण्यासाठी रेल्वे गेटपर्यंत चालत जायची; आज ती बसने जाते आणि वाचलेल्या पैशांतून मुलीची वह्या-पुस्तके घेते.

खानापूरवाला: बरे, गाड्या वाढवायला हव्यात, एवढे मान्य. मोफत योजनेचे मात्र मला अजूनही पटलेले नाही.

वडगावकर: मूळ मुद्द्यावर येऊ. ऑगस्ट 2025 मध्ये बंगळुरूची पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हा दोन गाड्यांमध्ये 25 मिनिटांचे अंतर होते आणि भाडेही वाढलेलेच होते. तरी माझा पुतण्या फलाटावर थांबत असे, कारण रस्त्याने गेले तर सिल्क बोर्ड चौकातल्या वाहतूक कोंडीत त्याचा तास जायचा.

शहापूरकर: सिल्क बोर्डपुरते तुमचे म्हणणे खरे मानतो. माझ्या मुलाच्या घरापासून स्थानक मात्र दोन किलोमीटरवर आहे आणि तेवढ्यासाठी रिक्षावाला 60 रुपये मागतो. ते मेट्रोच्या भाड्यात मिळवून मग बोला.