मदत हवी आहे: वायफायचा ट्रान्समिट रेट (पाठवण्याचा वेग) ठरवण्यासाठी लिनक्स कर्नलचा इंटरफेस कसा ठेवावा?

अंबडकर:
आमच्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये मी सिसएफएसची (कर्नलची सेटिंग फाइलच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेची) एक फाइल ठेवली आहे. तिच्यात ५४ लिहिले की रेट ५४ मेगाबिटवर बांधला जावा, अशी अपेक्षा आहे. लिहिताना एरर येत नाही, पण रेट मात्र बदलतच राहतो. शुक्रवारी ग्राहकाला दाखवायचे आहे, तेव्हा कृपया नेमके उत्तर द्यावे.

गोदाकाठ:
कर्नल कोणता, यंत्र स्टेशन (नेटवर्कला जोडले जाणारे) आहे की ॲक्सेस पॉइंट, आणि रेटची निवड मॅक८०२११ या कर्नलच्या वायफाय भागातील मिन्स्ट्रेल हा रेट निवडणारा कोड करतो की चिपचे फर्मवेअर, म्हणजे चिपमधलाच प्रोग्राम, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही.

अंबडकर:
कर्नल ६.१, स्टेशन. बाकीच्याचा येथे काही संबंध नाही.

जुनाजाणता:
आयडब्ल्यूकॉन्फिग या जुन्या वायफाय आदेशाच्या काळात एक आयऑक्टल (कर्नलला थेट विनंती करणारा कॉल) होता, एक संख्या दिली की काम होत असे. त्याच वाटेने जावे, नेटलिंकचा, म्हणजे कर्नलशी संदेशांतून बोलण्याच्या पद्धतीचा, पसारा कशाला हवा?

गोदाकाठ:
जुनाजाणता साहेब, त्या आयऑक्टलमधील मूल्य ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक असून ते बिट प्रति सेकंद मोजले जाते, म्हणजे साधारण २१४ कोटींवर त्याची मर्यादा संपते. वायफाय ६ मध्ये १६० मेगाहर्ट्झवर दोन स्ट्रीम (समांतर प्रवाह) २४०० मेगाबिटपर्यंत जातात, ते त्यात मावणारच नाहीत. शिवाय ५४ म्हणजे नेमके कोणते? ८०२.११जी या जुन्या वायफाय मानकाचा सर्वांत वरचा रेट ५४ आहे आणि त्यानंतरच्या ८०२.११एन मध्ये ४० मेगाहर्ट्झवरचा एमसीएस ३ (एमसीएस म्हणजे नव्या रेटचा क्रमांक) हाही ५४ च आहे. म्हणूनच एनएल८०२११, म्हणजे नेटलिंकवरचा वायफाय इंटरफेस, एक संख्या न घेता प्रत्येक बँडसाठी परवानगी असलेल्या रेटचा संच, म्हणजे मास्क, घेते. त्यात जुने रेट आणि एमसीएस वेगवेगळे द्यावे लागतात. जुने रेट तेथे ५०० किलोबिटच्या एककात असतात, तेव्हा ५४ मेगाबिटसाठी १०८ लिहावे लागते.

दिंडोरीची बाग:
आमच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाने भरली की सिग्नल घसरतो. रेट बांधण्यापेक्षा अँटेना मांडवाच्या वर घ्यावा, हा स्वानुभव आहे.

गोदाकाठ:
दादा, प्रश्न अँटेनाचा नाही. तरी एवढे खरे की एकच रेट बांधला तर सिग्नल उतरल्यावर खाली सरकायला जागा उरत नाही. मास्कमध्ये दोन-तीन रेट ठेवता येतात.

अंबडकर:
तपासले. निवड फर्मवेअरच करते आणि माझी फाइल संख्या नुसती जपून ठेवत होती. फर्मवेअरची आज्ञा एकच रेट स्वीकारते. मग मास्कचे काय करावे?

गोदाकाठ:
हेच पहिल्या दिवशी विचारले होते. मास्कचे कॉलबॅक (मास्क आला की कर्नल ड्रायव्हरमधील जे फंक्शन बोलावतो ते) लिहा; त्यात एकच रेट असेल तर तो फर्मवेअरला पाठवा, जास्त असतील तर स्पष्ट एरर परत करा. आदेश निमूटपणे गिळणारा इंटरफेस एरर देणाऱ्यापेक्षा वाईट, कारण चूक शोधण्यात दिवस जातात. फाइल आताच काढून टाका, कारण ती एकदा मुख्य कर्नलमध्ये गेली आणि लोक वापरू लागले की मोडता येत नाही.

जुनाजाणता:
म्हणजे शेवटी एकच संख्या ना?

अंबडकर:
एकच, पण आता ती कोणत्या ५४ ची आहे हे कळते. फाइल काढली आहे. ग्राहकाला आयडब्ल्यू या एनएल८०२११ वापरणाऱ्या साधनाचा आदेश शिकवावा लागेल.