सजग स्वप्नातील इंद्रियानुभव कितपत खरे वाटतात?

प्रश्न – पाणवठा

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी स्पष्ट जाणीव ज्यात होते, त्या सजग स्वप्नांविषयी, म्हणजेच ल्युसिड ड्रीम्सविषयी, मला एक नेमका प्रश्न आहे. मला अशी स्वप्ने अधूनमधून, बहुधा पहाटेच्या झोपेत पडतात. त्यांतील दृश्य इतके स्पष्ट असते की भिंतीच्या गिलाव्यावरचे ओरखडेही दिसतात आणि त्या भिंतीवरून हात फिरवला तर तिचा खरखरीतपणा व गारवा जाणवतो. खाल्लेल्या पदार्थाची चव मात्र क्वचितच लागते, आणि वास आल्याचे तर मला आठवतच नाही. सर्व इंद्रियांच्या बाबतीत हा फरक इतरांनाही जाणवतो का? आणि मुख्य म्हणजे, हे सारे त्या क्षणी खरोखर ‘दिसते’ व ‘जाणवते’, की जाग आल्यावर स्मृती त्यात रंग भरते?

उत्तर – निद्राभ्यासक

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रयोगशाळेत मिळालेले आहे. स्वप्ने प्रामुख्याने ज्या रेम निद्रेत, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेत, पडतात, तिच्यात शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असले तरी डोळ्यांची हालचाल मोकळी राहते. याच गोष्टीचा उपयोग करून 1975 मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी, आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी, झोपलेल्या माणसाने ठरवून केलेल्या डाव्या-उजव्या नेत्रसंकेतांची नोंद घेतली. म्हणजे स्वप्न पाहणारी व्यक्ती झोपेतूनच ‘मी आता सजग आहे’ असे कळवू शकते आणि अनुभवाची वेळ स्मृतीवर विसंबून न राहता निश्चित करता येते.

लाबर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात सजग स्वप्न पाहणाऱ्यांनी स्वप्नातील आपला अंगठा हवेत गोलाकार फिरवला आणि नजरेने त्याचा पाठलाग केला. जागेपणी हलणाऱ्या वस्तूमागे आपली नजर सलग, घसरत जाते. डोळे मिटून तीच वस्तू नुसती कल्पिली तर नजर लहानलहान झेपा घेत जाते. स्वप्नात नजर सलग गेली. याचा अर्थ असा की दृष्टीपुरते पाहिले तर सजग स्वप्न हे कल्पनाचित्रापेक्षा प्रत्यक्ष पाहण्याच्या अधिक जवळ आहे. आपल्याला ओरखडे दिसतात यात म्हणूनच नवल नाही.

स्पर्श आणि हालचालीबद्दलचा पुरावा थोडा आहे, पण तो त्याच दिशेचा आहे. म्युनिकमधील संशोधकांनी 2011 मध्ये स्वप्नात मूठ आवळणाऱ्या व्यक्तीच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हाताची हालचाल व संवेदना सांभाळणारा भागच सक्रिय झालेला दिसला. मात्र ती सक्रियता प्रत्यक्ष हालचालीपेक्षा क्षीण होती.

उत्तर – रानजाई

मला वरील विवेचन पटते, पण चव आणि वास यांच्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण मूळ प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे. सर्वसाधारण स्वप्नांच्या नोंदी तपासल्या तर दृश्य जवळजवळ प्रत्येक स्वप्नात असते, आवाज निम्म्याहून किंचित अधिक स्वप्नांत असतो, आणि गंध व चव यांचा उल्लेख शेकडा एकाच्या आसपास स्वप्नांतच आढळतो. तेव्हा आपला अनुभव वेगळा नाही.

याची दोन कारणे मला संभवनीय वाटतात. एक म्हणजे जागेपणीही आपण डोळे मिटून आंबेमोहोर तांदळाच्या भाताचा वास ‘आठवू’ पाहिला तर बहुतेकांना तो नाकाशी येत नाही, आणि जे जागेपणी मनात उभे करता येत नाही ते झोपेतील मेंदूलाही सहज घडवता येत नसावे. दुसरे असे की झोपेत बाहेरचा गंध आपल्यापर्यंत फारसा पोहोचतच नाही. 2004 मधील एका अभ्यासात गाढ व रेम निद्रेतील व्यक्तींना आवाजाने जाग आली, परंतु तीव्र वासाने ती भरवशाने आली नाही. याउलट पुढे जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्यांना गुलाबाचा व सडक्या अंड्यांचा वास दिला असता स्वप्नांची भावावस्था बदलली, पण तो वास स्वप्नात वास म्हणून क्वचितच उतरला.

मला स्वतःला सजग स्वप्नात चव लागते, आणि माझे निरीक्षण असे आहे की ती अपेक्षेमागून येते. चिंच तोंडात टाकताना आंबटपणाची वाट पाहिली तर तो येतो, आणि दातही आंबतात. बेसावधपणे खाल्लेला पदार्थ मात्र कागदासारखा बेचव असतो. वेदनेचेही असेच आहे. पडल्याचा धक्का जाणवतो, पण पाठोपाठ जो ठणका लागायला हवा तो बहुधा लागत नाही.

उत्तर – जुनेपुराणे

रानजाई यांच्या अनुभवाला शंभर वर्षांहून जुना दुजोरा आहे. डच मनोविकारतज्ज्ञ व लेखक फ्रेडरिक व्हान ईडन यांनी 1913 च्या आपल्या निबंधात 9 सप्टेंबर 1904 च्या एका स्वप्नाचे वर्णन केले आहे. त्यांनी स्वप्नात, आपण स्वप्नात आहोत हे ठाऊक असताना, मद्याच्या पेल्यावर सर्व शक्तीनिशी मूठ आपटली. पेला अभंग राहिला, पण काही वेळाने पुन्हा पाहिले तेव्हा तो फुटलेला होता. मग त्यांनी तो फुटका पेला आवाज ऐकू येतो का हे पाहण्यासाठी खिडकीबाहेर फेकला. खळ्ळकन आवाज झाला आणि दोन कुत्री त्या आवाजाने पळतानाही दिसली. शेवटी त्यांनी मद्य चाखले आणि त्याला मद्याचीच चव असल्याची नोंद केली.

या वर्णनातील ‘उशीर’ मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक संवेदना स्वतंत्रपणे अस्सल आहे, परंतु कारण आणि परिणाम यांची सांगड ढिली आहे. सजग स्वप्न आणि जागृती यांतील भेद संवेदनेच्या तीव्रतेत शोधण्याऐवजी या सांगडीत शोधावा, असे माझे ठाम मत आहे. स्वप्नात दिव्याचे बटण दाबले तरी खोली अनेकदा उजळत नाही, हे हर्न यांनीही नोंदवले होते. आणि एकदा वाचलेली ओळ नजर हटवून पुन्हा वाचली की बदललेली असते, हा तर पुष्कळांचा अनुभव आहे. जागेपणी बाहेरचे जग आपल्या अपेक्षेला सतत दुरुस्त करत असते. झोपेत ती दुरुस्ती थांबते.

आपल्याकडे गौडपादांच्या माण्डूक्यकारिकेवरील भाष्यात याचीच दुसरी बाजू आली आहे: पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात भुकेने व्याकूळ होतो, आणि स्वप्नात जेवलेला माणूस उपाशीच उठतो. तेथील हेतू तत्त्वज्ञानाचा आहे हे खरे, पण स्वप्नातील भूक व तृप्ती त्या क्षणी पूर्ण खरी असते, एवढे निरीक्षण त्यात गृहीतच धरलेले आहे.

पाणवठा

सर्वांचे मनापासून आभार. अपेक्षेमागून येणाऱ्या चवीचा मुद्दा मला विशेष पटला. पुढील खेपेस लवंग चावून पाहीन. एक उपप्रश्न आहे. दृश्य अतिशय तेजस्वी होऊ लागले की माझे स्वप्न विरघळते आणि जाग येते. त्या वेळी एखाद्या इंद्रियाकडे लक्ष दिल्याने ते टिकते का?

निद्राभ्यासक

बऱ्याच जणांचे टिकते. स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळणे किंवा उभ्याउभ्या स्वतःभोवती गिरकी घेणे हे उपाय लाबर्ज यांनी अभ्यासले होते. यामागचा तर्क असा की मेंदू स्वप्नदेहाच्या स्पर्शात व तोलात गुंतलेला राहिला, तर अंथरुणावरील खऱ्या देहाची जाणीव वर यायला वाव कमी मिळतो. दृश्य सर्वांत आधी विरते आणि स्पर्श मागे राहतो, असे अनेकांच्या कथनात येते. तेव्हा दृश्य फिकटू लागण्याची वाट न पाहता आधीच हात चोळायला घ्यावेत. ज्यांची झोप मुळातच अपुरी किंवा तुटक आहे त्यांनी मात्र यासाठी पहाटे मुद्दाम गजर लावून उठू नये.