रेइ: आधी डावा गुडघा

ज्युदोच्या क्लासमध्ये भिंतीवरच्या फोटोसमोर रेइ करणं, म्हणजे वाकून अभिवादन करणं, ही पूजाच, मग मुलाने ते का करावं, असा प्रश्न काही पालकांना पडतो. त्यावर थोडं सांगतो.

ज्युदोत रेइ दोन तऱ्हेचं: उभ्याने रित्सुरेइ, बसून झारेइ. बसताना आधी डावा गुडघा टेकायचा, उठताना आधी उजवा पाय उचलायचा. डाव्या कमरेची तलवार उपसायला अडचण नको म्हणून, असं सांगतात. तलवारी गेल्या, गुडघा राहिला!

क्लासमध्ये आधी शोमेनला म्हणजे फोटो असलेल्या दर्शनी भिंतीला, मग सेन्सेईंना म्हणजे शिक्षकांना रेइ. त्यानंतर 'ओतागाइ नि रेइ', म्हणजे एकमेकांना. मला हेच मोलाचं वाटतं. समोरचा स्वतःचं अंग आपटायला देतो म्हणून तर आपण शिकतो. शिवाय सेन्सेईही उलट वाकतात. मूर्ती कधी वाकते का?

२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या इस्लाम एल शेहाबीने हरल्यावर इस्रायलच्या ओर सॅसनशी हात मिळवला नाही. हस्तांदोलन सक्तीचं नव्हतं, रेइ होतं. तो तसाच निघाला तेव्हा पंचांनी परत बोलावलं. त्याने जेमतेम मान हलवली.

मुलाला फोटोचं अवघड वाटत असेल तर सेन्सेईंशी सरळ बोला. जोडीदाराचं रेइ मात्र सोडू देऊ नका.